वऱ्हाडामागचं विमान

लग्न होऊन मी भिंगारला आले तेव्हा माझे सासरे विमान बांधत होते. स्थळ ठरवताना ही गोष्ट आमच्या संगमनेरच्या माणसांना कुणी सांगितली नव्हती. मुलगा लष्कराच्या कचेरीत कारकून, वडील वर्कशॉपातून रिटायर झालेले, दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे पडवी, माणसं शांत. सगळं खरंच होतं. पडवीत काय चालतं ते विचारायचं आमच्या वडिलांना सुचलं नाही, इतकंच.

सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी मी बंब पेटवायला पडवीत गेले. मामंजी पोत्यावर बसून फुटक्या काचेच्या तुकड्यानं सागाची एक पट्टी खरवडत होते. मला वाटलं, लाटणं करतायत. नव्या सुनेसाठी सासरा स्वतःच्या हातानं लाटणं करतोय, या विचारानं माझे डोळे भरून आले. दुपारी मी सासूबाईंजवळ तसं बोलूनही दाखवलं.

"लाटणं?" त्या म्हणाल्या. "अगं, तो पंखा आहे. विमानाचा. लाटणं होतं ते माझं, ते त्याच्या आसासाठी घेतलं त्यांनी. आता बाटलीनं लाटायचं."

त्या दिवशी बाटलीनं पोळ्या लाटता लाटता मला सगळी हकीकत कळली.

मामंजींचं गाव नेवाशाकडचं. ते बारा-तेरा वर्षांचे असताना तिथल्या पाटलांच्या घरी लग्न होतं. ऐन लग्नाच्या सकाळी गावावर एक विमान घरघरत आलं, घिरट्या घातल्या आणि पाटलांच्याच मोकळ्या रानात उतरलं. आतून एक गोरा साहेब निघाला. इंजिनात काहीतरी बिघडलं होतं. त्यानं दिवसभर खटपट केली, मधे मांडवात बसून जेवला, बुंदी मागून घेतली, आणि उन्हं कलल्यावर गावकऱ्यांनी ढकलून दिलेलं विमान घेऊन निघून गेला. तो कोण, कुठला, विमान कोणतं, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं तर कोणत्या भाषेत?

साऱ्या गावानं विमान पाहिलं. मामंजींनी पाहिलं नाही. त्यांना गोवर आला होता. त्यांच्या आईनं त्यांना अंधाऱ्या खोलीत, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवून निजवलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि ती विमान बघायला गेली. त्यांनी फक्त आवाज ऐकला, येतानाचा आणि जातानाचा. पुढे जन्मभर गावातला जो भेटेल तो त्यांना विमानाचं वर्णन सांगत आला. त्यांचं स्वतःचं वऱ्हाड जेवायला बसलं तेव्हाही पंगतीत त्याच विमानाची गोष्ट निघाली, असं सासूबाई सांगत. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. मामंजींनी ठरवलं, ते विमान करायचं आणि एकदाचं बघायचं. खरं उडणारं नव्हे, नमुना. पण जसंच्या तसं, फुटाला दीड इंच धरून.

त्यासाठी त्यांच्याजवळ एकच आधार होता. लग्नासाठी नगरहून बोलावलेल्या फोटोग्राफरनं विमानाचा फोटो काढला होता. तो त्यांनी पाटलांकडून मागून आणला होता. मला दाखवला तेव्हा मी बराच वेळ पाहिला आणि शेवटी विचारलं, "विमान कुठंय?"

कारण फोटोत वऱ्हाड होतं. पुढे मांड्या घालून बसलेली पोरं, त्यांच्यामागे खुर्च्यांवर म्हातारी मंडळी, मागे उभे बाप्ये, मधोमध बाशिंग बांधलेला नवरदेव आणि मान खाली घातलेली नवरी. फेटे, पागोटी, टोप्या. सगळ्या फेट्यांच्या वर एक आडवी पट्टी दिसे, तो वरचा पंख. एका कडेला पंख्याचं पातं, दुसऱ्या कडेला शेपटीचं टोक. बाकीचं विमान वऱ्हाडाच्या मागे झाकलेलं. साहेबही होता, पण विमानापाशी नव्हे. खुर्चीवर, कपाळाला गंध, हातात नारळ.

आमच्या ह्यांनी नगरच्या वाचनालयातून विमानांच्या चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. मामंजींनी ते भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं आणि परत केलं. "यात नाही," म्हणाले.

"अहो बाबा, कशावरून नाही? आपल्याला दिसतंय तरी काय त्यातलं?" हे म्हणाले.

"जेवढं दिसतंय तेवढं यातल्या एकाशीही जुळत नाही."

कचेरीत कुणी "वडील काय करतात हल्ली" विचारलं की हे "वाचन" म्हणून सांगत.

त्या काळी सासरे सुनेशी थेट बोलत नसत. काही सांगायचं तर सासूबाईंच्या मार्फत. माझ्या माहेरी संक्रांतीला पतंगांचं वेड होतं आणि भावांच्या जोडीनं मीही कामट्या तासून, वाकवून पतंग बांधत असे, हे मामंजींना कुठूनसं कळलं. एके दिवशी पडवीतून आवाज आला, "सूनबाईला विचार, कामटी वाकवताना मोडते. काय करावं?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन मला म्हणाल्या, "कामटी मोडते म्हणतात."

"ओलं फडकं गुंडाळून मेणबत्तीवर धरा म्हणावं. एकदम नको, हळूहळू."

"अहो, ओलं फडकं म्हणते. मेणबत्ती म्हणते."

असं आठवडाभर चाललं. कामट्यांची जाडी, दोऱ्याची गाठ, कागद आडवा लावायचा की उभा, सगळं सासूबाईंच्या तोंडून ये-जा करत होतं, आणि त्यांना त्यातलं काही पटत नसल्यामुळे निरोप थोडा बदलूनच पोचायचा. शेवटी एका दुपारी त्या दळण घेऊन गिरणीत गेल्या आणि नेमकी तेव्हाच पंखाची एक फासळी सुटायला लागली. मामंजी कुणाकडेच न बघता मोठ्यांदा म्हणाले, "इथं कुणीतरी बोट धरायला पाहिजे." मी गेले आणि बोट धरलं. सासूबाई परत आल्या तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसून भांडत होतो. मी म्हणत होते पंखाला पोट हवं, ते म्हणत होते सपाट हवा. त्या पिठाचा डबा ठेवून म्हणाल्या, "सुटले बाई मी."

पण फासळ्या किती, पोट कसं, चाकं कुठं, काहीच माहीत नव्हतं. मामंजी म्हणाले, "फोटोतली माणसं अजून आहेत थोडी. ज्याच्या मागे जे झाकलंय ते त्याला विचारायचं." सासूबाईंनी परवानगी दिली आणि फोटो कापडात गुंडाळून आम्ही दोघं एसटीनं गावी निघालो.

ते बहात्तर साल. पाऊस नावाला पडला होता. ज्या रानात विमान उतरलं होतं तिथंच दुष्काळी कामावर पाझर तलावाची खोदाई चालू होती. मामंजींनी बांधावर उभं राहून फोटो बाहेर काढला, आणि टोपल्या खाली ठेवून माणसं जमली. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तीसुद्धा सांगायला लागली. कुणी म्हणे चार पंख होते, कुणी म्हणे शेपटीत घंटा होती. एका बाईनं विमान अंडाकृती होतं असं ठासून सांगितलं. कामावरचा मुकादम ओरडत आला, "काय चाललंय? कोनाचं मयत झालं?" त्याच्या हातात फोटो गेला. त्यानं निरखून पाहिला आणि म्हणाला, "हे तर माझं आजं हाय की." मग तोही बसला.

जिवंत साक्षीदार तिघंच निघाले. पहिले पाटील, म्हणजे फोटोतला नवरदेव. मामंजींचे वर्गमित्र. साठीला आलेले, मिशा भरघोस, आवाज मोठा.

"इमानाचं मला इचार," ते म्हणाले. "लगीन कोनाचं हुतं? माझं. रान कोनाचं? आमचं. तांबडंलाल इमान हुतं, एकच पंख, ह्या टोकापासून त्या टोकापत्तूर."

"एकच पंख पाहिलास?"

"पाहिला म्हंजे? उतरलं तवा मला हळद लावत हुते. उडालं तवा मी पंगतीत हुतो. मधी फोटू काढला तवा माझं तोंड कॅमेऱ्याकडं. पन समदं ध्यानात हाय."

दुसरे चाचा. पानाचं दुकान असलेल्या तांबोळ्यांच्या घरातले, तेव्हा विशीतले, आता दृष्टी अधू झालेली. ते म्हणाले, "पंख दोन. खालचा व्हता म्हनून सांगतो, कारन माझं डोकं आपटलं. ऊन लई व्हतं. गावात सावली न्हाई, आन् एवढं मोठं सावलीचं आलंय तर म्या खाली जाऊन निजलो. दुपारभर निजलो."

"मग दिसलं काय?"

"पोट." चाचांनी डोळे मिटले. "निळं पोट. कापडाचं. मधोमध शिवन. चाकाच्या मागं हिरवं ठिगळ, तळहाताएवढं. तेलाचा थेंब माझ्या कपाळावर पडला. एरंडेल. वास वळखतो म्या."

त्याशिवाय चाचांनी काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या पाटलीणकाकू. त्या फोटोतली नवरी. त्यांच्याकडे मामंजी जाऊ शकत नव्हते म्हणून मला आत पाठवलं. काकू चुलीपुढे मिलोच्या भाकरी थापत होत्या. रेशनवर तेव्हा तीच तांबडी अमेरिकेची ज्वारी मिळे. मी फोटो पुढे केला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, फोटो घेतला आणि स्वतःकडे पाहून हसल्या.

"नवरीनं मान खाली घालायची असती, पोरी. म्या वर बघितलंच न्हाई. चाकं तेवढी बघितली. दोन पुढं, तारांची न्हाई, पत्र्यानं झाकल्याली, ताटावानी. आन् मागं चाक न्हाई, लाकडाची एक काठी हुती, भुईला टेकल्याली. जाताना तिनं रानात रेघ वढली."

मी हे सगळं मनाशी घोकत होते. मग मामंजींचा मुख्य प्रश्न विचारला. विमान किती मोठं, हे काढायचा एकच मार्ग होता. नवरदेवाच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर वरचा पंख दिसत होता. नवरदेव तेव्हा किती उंच होता हे कळलं, की पंख किती उंच हे कळणार, आणि त्यावरून उरलेलं सगळं. पाटील बाहेर मिशीवर हात फिरवत सांगत होते, "तवापासून आता हाय तेवढाच हाय म्या. साडेपाच फूट. उलीसा जास्तीच."

काकूंनी दाराकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "चवरंगावर उभं केलं हुतं त्यास्नी."

"काय?"

"म्या उच हुते ना. वीतभर उच. लग्नात समदे हसाय लागले. फोटूच्या टायमाला माझ्या सासऱ्यांनी चवरंग आनला आन् त्यावर उभं केलं. पुढं पोरं बसवली म्हनून पाय दिसत न्हाईत. म्या खाली बघत हुते तर चवरंगच दिसत हुता. चांदीच्या फुलांचा." त्या पुन्हा भाकरी थापायला बसल्या. "कुनाला सांगू नगंस. त्यास्नी वाटतं, मी इसरले."

परतीच्या बसमध्ये मी मामंजींना सांगितलं. त्यांनी कापड सोडून फोटोतला नवरदेव पुन्हा पाहिला. घोडेगाव मागे पडलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे पोरगा बुटका, पण डोकं चौरंगाइतकं वर. किती उंच होता चौरंग?"

"ते नाही विचारलं."

"बघ. सगळं विमान त्याच्यावर आहे."

शेवटी आमच्याकडच्या चौरंगाचं माप धरलं. सत्यनारायणाचा चौरंग मामंजी पडवीत घेऊन आले, त्यावर शेजारच्या क्वार्टरमधल्या सुभेदारांच्या बारा वर्षांच्या बुटक्या भाच्याला उभं केलं, आणि कपाळाला बाशिंग म्हणून पुठ्ठा बांधून भिंतीवर खुणा केल्या. सुभेदार कुंपणावरून बघत होते. त्या दिवसापासून ते मामंजींना सलाम करू लागले.

मग खरं काम सुरू झालं. सांगाडा कामट्यांचा. चाकांना पॉलिशच्या डब्यांची झाकणं. इंजिनाच्या टोपणाला रॉकेलच्या डब्याचा पत्रा. साहेबाच्या पुढची काच म्हणून एक्स-रेची धुतलेली फिल्म. कुणाच्या तरी बरगड्या त्यात पुसट राहिल्याच होत्या. लढाईच्या वेळी ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांना लावलेला काळा कागद अजून निघायचा होता, तो मामंजींनी सोलून आतल्या बाजूला वापरला. पंख आणि पोट मात्र पतंगाच्या कागदाचं. पोटाला मधोमध मी शिवण घातली आणि चाचांनी सांगितलेल्या जागी हिरव्या खणाचं ठिगळ लावलं.

चिकटवायला खळ हवी. सासूबाई गव्हाचं पीठ देईनात. "मिलोचं घ्या," म्हणाल्या. मिलोची खळ केली. ती लाल झाली, चिकटली नाही, आणि वाळल्यावर भाकरीसारखी पापुद्र्यानं निघून आली. मग त्यांच्या नकळत वाटीभर कणीक घेतली. ती इतकी छान चिकटली की रात्रीतून उंदरांनी उजवा पंख खाऊन टाकला. नुसत्या फासळ्या उरल्या, माशाच्या काट्यासारख्या. मामंजी सकाळी त्या फासळ्या हातात घेऊन बसले. मी म्हटलं, "खळीत मोरचूद घालू. पुस्तकं बांधणारे घालतात." उंदरांनी पुन्हा तोंड लावलं नाही. पण मोरचुदानं पंखाला जागोजाग हिरवट डाग पडले, आणि पाटलांच्या तांबड्या रंगाखालीही ते शेवटपर्यंत दिसत राहिले.

कागद ताणून बसावा म्हणून त्यावर पाण्याचा फवारा मारावा लागे. तोवर उन्हाळा लागला होता आणि भिंगारला नळाला एक वेळ पाणी, तेही करंगळीएवढं. सासूबाईंनी मामंजींना तोंडात पाणी धरून विमानावर फुंकताना पाहिलं आणि त्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या.

"माणसांना प्यायला नाही आणि विमानाला आंघोळ घालताय?"

मामंजींचं तोंड पाण्यानं भरलेलं, त्यामुळे उत्तर देता येईना. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "आई, हे माझ्या वाटणीचं पाणी आहे."

"तुझी वाटणी पोटातल्याची आहे," त्या म्हणाल्या. ही बातमी मामंजींना अजून कुणी सांगितली नव्हती. त्यांनी सगळं पाणी एकदम फुंकलं. विमानाचं शेपूट सुंदर ताणून बसलं.

रंगाचा वाद आम्ही असा मिटवला: पाटील म्हणतात म्हणून वरून तांबडं, चाचा म्हणतात म्हणून खालून निळं. खालचा पंख चाचांच्या डोक्याला लागला म्हणून ठेवला. चाकं आणि मागची काठी काकूंची. चार पंख, घंटा आणि अंडाकृती ही मतं मामंजींनी विचारात घेतली, पण वापरली नाहीत.

विमान तयार झालं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या खांद्याच्या वर येईल एवढं. मामंजींनी ते चौरंगावर ठेवलं आणि समोर पोत्यावर बसले. मी चहा नेऊन दिला. तो त्यांनी निवू दिला.

"असंच होतं का हो?" मी विचारलं.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "पाहिलेल्यांना दाखवायला हवं."

म्हणून आम्ही पुन्हा एसटीनं निघालो, या खेपेला हेही बरोबर, कारण मला आता अवजड उचलायची बंदी होती. कंडक्टरनं दारातच हात आडवा केला.

"हे काय?"

"विमान."

"ते दिसतंय. टपावर टाका."

"टपावर पाण्याच्या टाक्या आहेत तुमच्या," मामंजी म्हणाले. "मोडेल."

"मग तिकीट कशाचं फाडू? लगेजमधी बसत न्हाई. जनावरात धरू का?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "आवो, ज्याला पंख हायत त्याला एसटीचं तिकीट कशाला?" गाडी हसली. कंडक्टरनं पुस्तक चाळलं, पेन्सिल कानाला लावली आणि "बसा," म्हणाला. विमान मधल्या वाटेत उभं राहिलं. प्रत्येक थांब्यावर कुणी उतरणार असलं की लोक ते डोक्यावरून पुढे किंवा मागे देत. नेवासा फाट्यापर्यंत ते बसमधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून गेलं. एका बाईनं त्याच्या नाकाला कुंकू लावून ते पुढे दिलं.

गावात शाळेच्या वऱ्हांड्यात ते टेबलावर मांडलं. अख्खा गाव लोटला. पाटील पुढे आले, दोन्ही हात मागे बांधून विमानाभोवती एक चक्कर मारली. मी आणि मामंजी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. चौरंगाचं माप धरल्यामुळे विमान चांगलं मोठं झालं होतं. पाटलांनी फुटाला दीड इंचाचा हिशेब मामंजींकडून समजून घेतला, वरचा पंख खरा किती उंच निघतो ते विचारलं आणि गावाकडे वळले.

"बघा! म्या फोटूत त्याच्या जरा खाली दिसतो. म्हंजे बघा त्या वयात म्या केवढा उच हुतो!"

बायकांच्या गर्दीत पाटलीणकाकूंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईला वाटलं, विमान बघून रडू आलं. तिनं काकूंच्या पाठीवरून हात फिरवला.

चाचांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी विमानाला वरून हात लावून पाहिला आणि मान हलवली. "असं न्हाई कळायचं. टेबलाखालनं बघाय पायजे." टेबल काढलं, विमान दोन बाकांवर आडवं ठेवलं, आणि चाचा फरशीवर पाठ टेकून त्याच्याखाली सरकले. त्यांची बोटं पोटावरून फिरत फिरत शिवणीशी गेली, शिवणीवरून मागे गेली आणि ठिगळावर थांबली.

"हेच," ते खालून म्हणाले. "हेच इमान." मग त्यांनी मामंजींच्या पायाला हात लावला. "ये की खाली. तवा नव्हतास का माझ्या शेजारी?"

"मी नव्हतो, चाचा. मला गोवर आला होता."

"गोवर तुझ्या धाकट्या भावाला. तू माझ्या बाजूला निजला व्हतास. तेल पडलं तवा हसला कोन? तूच."

पाटील म्हणाले, "व्हय की रं. कुनीतरी पोरगं हुतं खाली. म्या बघितलं."

"तू हळदीला बसला होतास," मामंजी म्हणाले.

"येताना बघितलं."

आजूबाजूनं आणखी दोन-चार जणांना आठवलं. ज्यांचा जन्म झाला नव्हता त्यांनाही. मामंजी एकेकाकडे पाहत राहिले. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, धोतर सावरलं आणि चाचांच्या शेजारी फरशीवर आडवे झाले. दोन म्हातारे विमानाच्या पोटाखाली वर बघत पडून राहिले. ह्यांना लाज वाटत होती. ते शाळेच्या घंटेकडे बघत होते. मला रडू येत होतं, पण ते दिवसच तसे, मला भेंडी चिरतानाही येत असे.

विमान गावानं परत दिलं नाही. मास्तरांनी ते वऱ्हांड्याच्या वाशाला तारेनं टांगलं. परत येताना बस रिकामी होती. मामंजी खिडकीपाशी बसले होते. फाटा मागे पडल्यावर म्हणाले, "खाली गार होतं."

"शाळेत?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि वर पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी मुलगी चार महिन्यांची होती. एका सकाळी पाटील दारात उभे. नगरला कोर्टात तारीख होती, जाता जाता आले होते. पाणी प्यायचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

"इमान उडालं," म्हणाले.

मामंजी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. "म्हणजे?"

"परवा वावटळ आली. शाळंचे पत्रे उचलले, तार तुटली, आन् गेलं. पोरांनी बघितलं. मास्तरांनी बघितलं. पत्रे खाली आले, हे आलंच न्हाई. एक चाक घावलं बांधावर. आमी तिन्ही शिवारं हिंडलो. पलीकडच्या गावचे म्हनत्यात आमच्यावरनं गेलं. लई वाईट झालं गड्या."

मामंजींनी मुलगी माझ्याकडे दिली आणि उठून उभे राहिले.

"सरळ गेलं की वळलं?"

"वळलं म्हनत्यात. मारुतीच्या देवळाला चक्कर मारली आन् नदीकडं गेलं."

"झोकांड्या खात की नीट?"

"नीट. पोरं म्हनत्यात, नीट गेलं."

मामंजी पडवीत गेले, परत आले, पुन्हा गेले. चेहरा असा झाला होता की कुठं ठेवावा ते त्यांना समजत नव्हतं. पाटील समजूत घालायला लागले, पुन्हा एक बांध म्हणाले, लागेल ते आम्ही देऊ म्हणाले. मामंजी ऐकतच नव्हते.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी माझ्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा फडताळातून खाली काढला, ताटलीत लाडू मांडले आणि पाटलांच्या पुढे आणून ठेवले.

"हे कशाबद्दल वहिनी?" पाटील गोंधळले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "विमान उडालं ना?"

पाटलांनी लाडू घेतला. मामंजींनी दोन घेतले. कोर्टाची वेळ टळून गेली तरी ते दोघं वारा कोणत्या बाजूचा होता यावर बोलत बसले होते.